अमावास्येचा फिल्टर

‘तेल बदललंच नसेल. ड्रायव्हर लोकांचं हेच,’ मिस्तरी पप्पांना हळूच म्हणाला. इतकंही हळू नाही. मागे उभ्या असलेल्या नानांनी मान खाली घातली.

मी शाळेत होते तेव्हापासून नाना आमचा ट्रक चालवतात. भुसावळजवळच्या वीजकेंद्रातली राख भरायची आणि धुळ्याकडच्या वीटभट्ट्यांवर टाकायची. आता धुळ्यातल्याच गॅरेजात त्या ट्रकचं इंजिन उघडं पडलं होतं. खोलण्याआधी मिस्तरीनं त्यातलं थोडं तेल तपासायला पाठवलं होतं.

‘नाना, एवढं एकच काम होतं तुमच्याकडे,’ पप्पा म्हणाले.

‘बदलेल शे, भाऊ. बठ्ठं म्हना, काय बी म्हना, पन खोटा म्हनू नका.’

‘मग काय, इंजिनाला नजर लागली?’

नानांनी खिशातून किल्ली काढून टायरवर ठेवली. तिला मी शाळेत केलेला लोकरीचा गोंडा होता, राखेनं करडा झालेला. पप्पांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. रिपोर्ट माझ्या हातात दिला. ‘इंग्लिश आहे. वाच मोठ्यानं. ह्यांनाही कळू दे.’

मी मनातल्या मनात वाचला. तेलाचा दाटपणा ठीक होता. ते जुनं झालेलं नव्हतं. पण सिलिकॉन मर्यादेच्या कितीतरी वर, आणि त्याच्यासोबत लोखंड आणि क्रोमियम. सिलिकॉन म्हणजे धूळ, राख. ती आत शिरली की सिलिंडरचे लायनर आणि पिस्टनच्या रिंगा घासत राहते आणि त्यांचा कीस तेलात उतरतो. खाली लिहिलं होतं : एअर फिल्टर तपासा.

मी बोट ठेवून ती ओळ मिस्तरीला दाखवली. त्यानं फिल्टर काढून आत मोबाइलचा टॉर्च धरला. कागदाच्या एका फाटलेल्या घडीतून उजेड थेट बाहेर आला.

दर अमावास्येला पप्पा पिंप्राळ्यातल्या आमच्या घरासमोर ट्रकची पूजा करतात. नारळ फोडून, लिंबू-मिरची बांधून झाली की फिल्टर काढतात, टायरवर आपटतात, आणि कंप्रेसरची हवा अगदी जवळून मारतात, कागद फाटेल इतक्या जोरानं. गुडघे गेल्यावर त्यांचं ड्रायव्हिंग सुटलं. ट्रकचं एवढंच काम त्यांच्या हाती उरलं होतं, आणि ते कुणालाच करू देत नव्हते. फिल्टर साफ झाला की उन्हात धरून मला दाखवायचे, ‘बघ, नव्यासारखा.’ मी मान डोलवायचे.

‘काय लिहिलंय?’ पप्पांनी विचारलं.

मी चारचौघांत बोलत नाही. पाहुण्यांनी काही विचारलं तरी माझ्या वतीनं पप्पाच उत्तर देतात. नाना गेटकडे निघाले होते. पप्पा माझ्याकडे बघत होते, फिल्टर उन्हात धरताना बघायचे तसेच, मी हो म्हणेन या खात्रीनं.

‘पप्पा,’ मी म्हणाले, ‘तेल चांगलं होतं. धूळ फिल्टरमधून गेली. आणि फिल्टरला नानांनी कधी हात लावलेला नाही.’