येळवशीला राणीसावरगावात, लेकीचा हात धरून

तिकिटं काढली तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "जा, पण तिचा हात जरा सैल धर." ती नर्स आहे, तिला रजा मिळाली नाही. हात म्हणजे आमच्या आठ वर्षांच्या तन्वीचा.

आम्ही अमेरिकेतल्या एका लहान गावात राहतो. दर शनिवारी ज्या किराणा दुकानात जायचो, तिथे या हिवाळ्याच्या तोंडाशी एकाने गोळीबार केला. त्या दिवशी आम्ही तिथे नव्हतो. बेकरीच्या काउंटरवर असायची ती ग्रेस गेली. तन्वीला ती कागदात गुंडाळून बिस्कीट द्यायची. सगळं गाव मेणबत्त्या घेऊन दुकानासमोर जमलं, मीही उभा राहिलो. रडू आलं नाही. भीती मात्र आली आणि पाहुण्यासारखी येऊन घरच्यासारखी राहिली. तन्वी शाळेत असली की मी बाहेर गाडीत बसायचो. अंगणातही तिला एकटी सोडत नव्हतो.

राणीसावरगावला माझी थोरली बहीण असते, अक्का. तिने फोनवर फर्मावलं की येळवशीला या. येळवशी म्हणजे डिसेंबरातली वेळ अमावस्या, शेतात पूजा करून तिथेच जेवायचा सण. हैदराबादला उतरून रेल्वेने गंगाखेड, तिथून जीपने माणशी पन्नास रुपये. तुम्ही जाणार असाल तर पाणी, औषधं गंगाखेडलाच घ्या, कारण येळवशीच्या दिवशी गावात कुलूप लावलेली दारं सोडून काही दिसत नाही. सगळे शेतात.

पोचलो त्या संध्याकाळी अक्काच्या ओट्यावर माणसं येऊन बसू लागली. कोणी काही बोलेना. एकीने आणलेली भाकरी-पिठल्याची शिदोरी उंबऱ्याशी ठेवली. मला वाटलं अक्काकडेच काही झालंय. मग उमगलं की ती माणसं मलाच भेटायला आली होती. तिकडे माणसं गेली हे गावाने अक्काकडून ऐकलं होतं आणि आपल्या पद्धतीने दुःखाला आलं होतं. मी संकोचून सांगितलं, आमचं कोणी गेलेलं नाही.

पलीकडच्या शेवंतामावशी पदर सावरत म्हणाल्या, "न्हाई कसं? ती पोरगी तुझ्या लेकीला खाऊ द्यायची म्हनं."

मग मात्र मी रडलो. सगळ्यांसमोर, लहान पोरासारखा. कुणी समजूत घातली नाही, फक्त बसून राहिले. जाताना कोणी "येतो" म्हटलं नाही. दुःखाच्या घरून निघताना तसं म्हणत नाहीत, हे मी विसरूनच गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी येळवशी, बैलगाडीतून शेत. कडब्याची कोपी म्हणजे छोटं खोपटं, तिच्यात पांडव म्हणून मांडलेले पाच दगड, नैवेद्याला भज्जी म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची मिसळभाजी, बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर, मडकंभर आंबील. इथे आमंत्रण लागत नाही. बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून बसवतात आणि एका वाडग्यावर सुटका होत नाही. मी तिसरा वाडगा पीत होतो, तेवढ्यात शेजारच्या शेतात धाडकन बार झाला. रानडुकरं आणि पाखरं हाकलायला पाइपाची बंदूक वाजवतात, तीच.

तन्वी क्षणात बैलगाडीखाली पालथी, दोन्ही हातांनी तोंड दाबून. शाळेत गोळीबाराच्या सरावात शिकवलंय तसं. मी तिच्यावर आडवा. आंबील सगळी सदऱ्यावर.

पाइप वाजवणारे दत्तूमामा धावत आले. अक्काने त्यांना बाजूला नेऊन दोन वाक्यांत सांगितलं. ते तन्वीशेजारी मातीत बसले, तिच्याकडे न बघता.

"माय, आज पाइप वाजणार न्हाई. पाखरानं खाल्ली जवारी तर खाऊ दे."

शेताशेतांतून निरोप गेला. नंतर दिवसभर त्या शिवारात एकही बार झाला नाही. बायका तोंडानेच "हो, हो" ओरडत पाखरं उडवत होत्या. थोड्या वेळाने गाडीखालून एक बारीक "हो" आला. मग जरा मोठा. आणि मग तन्वी पळालीच, तिच्यापेक्षा उंच ज्वारीत, दिसेनाशी झाली.

मी ताडकन उठलो. अक्काने माझी बाही धरली.

"बस खाली. आवाज यायलाय की तिचा."

येत होता. इकडून, मग तिकडून. लय दिवसांनी, असं अक्काच्या भाषेतच म्हणतो, मी माझ्या लेकीला न बघता नुसतं ऐकत जेवलो. त्या गावाचे उपकार कसे फेडायचे मला कळत नाही.

परतल्यावर पहिल्या शनिवारी मी भाकरी थापल्या. प्रत्येकीचा नकाशा वेगळ्या देशाचा झाला, तरी पिठलं जमलं. दुकानासमोरची फुलं सुकून गेली होती, मेणबत्त्या कोणीतरी उचलल्या होत्या. आम्ही ग्रेसच्या आईचं घर शोधलं. तन्वी हात सोडून पुढे गेली आणि बेल तिनेच वाजवली. आम्ही तासभर बसलो, फारसं न बोलता. त्या बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, मग दुसरा.

निघताना मी रीत पाळली, मुकाट्याने उठलो. तन्वीला रीत कुठली माहीत? दारातून वळून ती तिच्या इंग्रजीत म्हणाली, "पुढच्या शनिवारी येते."

त्या बाई दार न लावता उभ्या राहिल्या. आम्ही दर शनिवारी जातो.