नळ्यांचं वजन

"पत्र काचंत घालून लावलंय, मर्ल. नेमबाजीच्या क्लबात, बंदुका ठिवायच्या घोडीवर. येणारा-जाणारा वाचंल, का आमच्या आज्ज्याच्या दुनळीला डाकवाल्यानं पास केलंय."

"मी कोण पास करणार? कारखान्याच्या वहीत हुतं ते लिवलं."

"आता लाजू नगंस. आज दहाला माझी रोंडा मातीच्या उडत्या थाळ्यांवर पयला बार टाकणार. नव्या काडतुसांची पेटी आणलीया."

लायमन होटालिंग पोस्टाच्या खिडकीला कोपरं टेकून एवढं बोलला आणि गुरांच्या वासासकट निघून गेला. साठ दुभत्या गाई आणि एक लेक, एवढा त्याचा संसार. मर्ल टेफ्ट खणांत चिठ्ठ्या लावत राहिला, पण कान गरम झाले होते. कौतुक त्याला सोसत नसे.

बेकर्स हॉलोच्या डोंगराळ वाटेवर मर्लनं सव्वीस वर्षं डाक वाटली. तीनशे बारा पेट्या. कुठल्या पेटीत गांधीलमाश्या घर करतात, कुठलं कुत्रं नुसतं भुंकतं आणि कुठलं खरंच धरतं, सगळं त्याला पाठ. पण जीव गुंतलेला जुन्या दुनळी बंदुकांत. खाली कालव्याकाठी ड्रेस्लरांचा बंदुकांचा कारखाना होता, तो पहिल्या महायुद्धानंतर बसला. त्याच्या चार वह्या मर्लला भंगारवाल्याकडं मिळाल्या, बुरशी लागलेल्या. घरात नऊ दुनळ्या, त्यातल्या सात उडवण्याजोग्या नाहीत. त्याची त्याला फिकीर नव्हती. बायको लोइस म्हणायची, ह्या माणसाला बंदूक उडवायची नसतीच, तिची कुंडली मांडायची असते. चार राज्यांतून लोक त्याला नंबर लिहून पाठवत. तो वही बघून कळवी, कुठल्या साली घडली, कुणी मागवली, नळ्या कसल्या.

हे शेवटचं महत्त्वाचं. जुन्या नळ्या लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, वेटोळी करून, ठोकून घडवलेल्या असत. दिसायला देखण्या, सापाच्या कातीसारख्या. बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूला त्या टिकत. आजचं काडतूस घातलं तर सांधा उकलून नळी डाव्या हाताशीच फुटते. सबंध पोलादी नळीला तसं भय नाही. लायमनच्या बंदुकीला मर्लनं पोलादी म्हणून लिहून दिलं होतं, खाली सही केली होती.

त्याच सकाळच्या डाकेत त्याच्या स्वतःच्या नावानं एक जाड पाकीट आलेलं. ओहायोतला एक म्हातारा मास्तर, त्याच्याकडं ड्रेस्लरांची दुरुस्तीची वही होती, तिच्या पानांच्या नकला. सातव्या पेटीपाशी गाडी उभी करून, थर्मासातली कॉफी ओतत मर्लनं ती चाळली, आणि तिसऱ्या पानावर लायमनच्या बंदुकीचा नंबर दिसला.

एकोणीसशे बारा. नव्या पोलादी नळ्या बसवल्या, तोच नंबर ठोकला, वजन चार पौंड एक औंस. जुन्या पिळाच्या नळ्या, तीन पौंड दहा औंस, गिऱ्हाइकाला परत.

म्हणजे एका नंबराच्या दोन जोड्या. मर्लच्या वहीत त्या नंबरापुढं मागाहून सुधारून नुसतं 'पोलादी' लिहिलेलं होतं. मर्लनं खिशातली टिपणवही काढली. नळ्यांच्या पोटाला कारखाना वजन ठोकत असे, आणि बघेल ते टिपायची त्याला खोडच होती. लायमनच्या बंदुकीपुढं त्याच्याच अक्षरात लिहिलेलं: तीन-दहा, म्हणजे पिळाची जोडी. नंबर जुळला, नळ्या काळ्याभोर दिसल्या, म्हणून वजन ताडून बघायचं राहिलं. नळ्यांवर कुण्या लोहारानं मागाहून काळं चढवलं होतं, पीळ खाली गडप.

नऊ चाळीस झाले होते. क्लब डोंगरापलीकडं.

डाक गाडीत ठेवून वाट सोडणं म्हणजे नोकरीशी खेळ. मर्लनं गाडी वळवली. वाटेत पेट्यांची लाल निशाणं वर होती, लोकांनी चिठ्ठ्या न्यायला ठेवलेल्या. तो एकीलाही थांबला नाही. चढावर गवताचा ट्रॅक्टर आडवा आला, तिथं चार मिनिटं गेली. खिंडीत त्यानं बार ऐकला आणि गाडी आणखी दामटली. मग लागोपाठ आणखी तीन ऐकले, तेव्हा कळलं, हे पोरांचं सरावाचं चाललंय.

क्लबात रोंडा बार टाकायच्या रेषेवर उभी होती. बंदूक बिजागरीत मोडून उघडलेली, दोन काडतुसं आत सरकवून झालेली.

"मिटू नगंस," मर्ल म्हणाला. धाप लागल्यानं आवाज बारीक निघाला. "रोंडा, काडतुसं काढ. मग मला काय शिव्या द्यायच्या त्या दे."

लायमन पुढं आला. मर्लनं कागद दाखवला, वजनं सांगितली. लायमननं कागदाकडं बघितलंच नाही.

"ईस वरसं ही बंदूक मागतूयास माझ्याकडं. न्हाई मिळाली. आता नळीला नावं ठिवाया आलास?"

"मागत हुतो. आज मागत न्हाई."

"सही तुझी हाय का न्हाई?"

"माझीच. चूक बी माझीच. नंबर बघितला, लोखंड बघितलं न्हाई."

भोवती वीसेक माणसं जमली. मर्ल म्हणाला, नळीच्या खालचं लाकूड काढा, लाकडाखाली झाकतंय तिथं बोटभर जागा घासू, शिरका म्हणजे व्हिनेगर लावू. पीळ असला तर आंबटानं उठून दिसेल. लायमन म्हणाला, आज्ज्याच्या बंदुकीवर ओरखडा उठला तर मर्लचा हात मोडीन. रोंडानं बापाकडं बघितलं, मग स्वतःच्या डाव्या पंजाकडं. तिनं काडतुसं काढून खिशात टाकली, लाकूड सोडवलं आणि नळ्या मर्लच्या हातात दिल्या.

क्लबाच्या स्वयंपाकघरात लोणच्यातल्या अंड्यांची बरणी होती. मर्लनं बोटभर जागा घासली आणि बरणीतला शिरका गरम करून फडक्यानं तिच्यावर धरला. पाच मिनिटं झाली. नळी नुसती करडी. कुणीतरी हसलं. लायमननं हात पुढं केला, "आण हिकडं."

"थांब."

नऊ मिनिटं झाली. मर्लच्या मनात आलं, कारखान्याच्या कारकुनानं दोन जोड्यांची वजनं उलटी लिहिली असली तर? वजनाचा आकडाच आपण चुकीचा उतरवला असला तर? त्यानं फडकं उचललं. करड्यावर एक फिकट रेघ तिरकी उमटली होती. तिच्याशेजारी दुसरी. मग दोरखंडासारखी, पीळ घातलेली, शेजारी शेजारी, बोटभर जागा भरून.

रोंडानं त्या रेघांवरून नख फिरवलं. "ह्यात मी घालणार हुते ती," म्हणाली, आणि खिशातली काडतुसं टेबलावर काढून ठेवली.

लायमननं घोडीवरचं पत्र काचेसकट उतरवलं आणि पालथं ठेवलं. मर्लकडं बघितलं नाही. लेकीला म्हणाला, "धाकल्या क्लार्कची बंदूक माग. आपल्या नावानं थाळ्या उडल्याच पायजेत."

मर्ल गाडीत बसला. त्यानं मनाशी मोजलं, नुसत्या नंबरावर सह्या करून दिलेली अकरा पत्रं बाहेर होती. आज घरी गेल्यावर अकरा जणांना लिहायचं, वजन बघा, तोवर उडवू नका. सही तीच करायची.

आठव्या पेटीपाशी मिसेस डंकल काठी टेकून उभी होती. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या यायच्या होत्या.

"सव्वा तास उशीर. मेलात का तुम्ही?"

"न्हाई बाई," मर्ल म्हणाला. त्यानं गोळ्यांचं पुडकं तिच्या हातात दिलं, पेटीतली चिठ्ठी उचलून निशाण खाली पाडलं आणि नवव्या पेटीकडं गाडी सोडली.