बैलाची डावी कूस

गाव सोडलं त्या सकाळी माझा उजवा हात लालभडक होता. अकलोलीच्या पलीकडे आमच्या फाट्यावर सिमेंटचा बैल आहे, म्हणजे होता. गाव सोडणाऱ्याने हात लाल रंगात बुडवून त्याच्या उजव्या कुशीवर ठसा उठवायचा, मगच गाडीत पाय ठेवायचा, ही आमची रीत. मग ती नवरी असो की नोकरीवाला. पूर्वी गेरू असायचा, तो पावसात धुऊन जायचा, म्हणून कुणीतरी ऑइलपेंट आणला. आय म्हणाली, "नीट दाब. अर्धा हात उठला तं अर्धीच जाशील." काल्हेरच्या गोदामात पहिल्या ड्युटीला गेले तर सुपरवायझर ओरडला, "अरे, खून निकला क्या?" रॉकेलने घासूनही तो रंग लवकर गेला नाही.

डावी कूस परत येणाऱ्यांची. कायमचं गावात राहायला आलं की तिकडे ठसा. उजवीवर हातांवर हात चढलेले, डावीवर मोजकेच. त्यातला एक माझ्या बापाचा. तो भिवंडीत लूमवर शिफ्टा करून थकला आणि भातशेतीला परत आला. बैलाचा डावा कानही त्यानेच बसवलेला. टेम्पो घासून कान फुटला होता, बापाने सिमेंट जरा जास्तच थापलं, त्यामुळे तो उजव्यापेक्षा मोठा झाला. बाप गेला, कान राहिला.

काल्हेरला मी रुळले. पॅकिंगवरून स्कॅनिंगला, तिथून शिफ्ट इन्चार्ज. पत्र्याच्या खोलीतून सातव्या मजल्यावर. खिडकीतून आता भाताची खाचरं नाहीत, गोदामांची निळी छपरं दिसतात. पण मनात एक गोष्ट पक्की होती. कधीतरी त्या डाव्या कुशीवर माझा हात उठणार.

मग दिवाळीआधी रस्ता रुंद करायला ठेकेदाराची माणसं आली. बैल मधे येतो म्हणाली, रंगवून, सजवून पाडव्याच्या आत आणून देतो म्हणाली. आणि तुम्ही गावकऱ्यांनी काय केलंत? पाडव्याला खरे बैल सजवतो, तसा हा सजायला निघाला म्हणून नारळ फोडलात! हार घातलात! क्रेनचे दोर बांधायलाही तुम्हीच. धन्य आहे तुमची! एकानेही विचारलं नाही, कुठे नेता. आयने तर ओवाळलं. तिला बोलले तर वर मलाच सांगते, "निघालेल्याला कुठं म्हनून इचारत न्हाईत. अपशकुन होतो."

पाडवा गेला. बैल काही आला नाही.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी पायी भिवंडी पालथी घालायला लागले. शहरात हल्ली सुशोभीकरणाचं वारं आहे, बैल नेला असेल तर इथेच कुठेतरी उभा केला असणार. धामणकर नाक्यापासून अंजूरफाट्यापर्यंत चाला, दुभाजकावर, बंद कारंज्यात, सोसायट्यांच्या गेटवर पुतळेच पुतळे. फायबरचा मोर, दिव्यांच्या माळा गुंडाळलेलं हरीण, हातमागावर बसलेला विणकर आणि त्याच्या मागाला धागाच नाही. अहो, ज्या शहरात दिवसरात्र लूम खडखडतात तिथे एका विणकराला धागा मिळू नये? एका चौकात बैलजोडी दिसली म्हणून धावत गेले, तर वशिंडच नाही, पाठ सपाट! कुठल्या देशाच्या साच्यातून काढली होती कोण जाणे. चालायला फूटपाथ नाही, गटारांची झाकणं गायब, ट्रक अंगावर येतात, आणि हरणाला लायटिंग! मी सगळ्यांचे फोटो काढून आयला पाठवायची. तिचं उत्तर दर वेळी तेच, "ह्यो आपला न्हाय."

सापडला तो मानकोलीला. गोदामांच्या एका नव्या पार्कच्या गेटवर, चबुतऱ्यावर उभा. अंगभर चंदेरी रंग, शिंगांना निळे दिवे, गळ्यात प्लास्टिकचा झेंडू. मी ओळखलाही नसता. पण तो कान! फोटो काढून आयला पाठवला. आयचा लगेच फोन आला. "तुझ्या बापाचा कान हाय त्यो," एवढंच बोलली आणि रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती एसटीने आली. पिशवीत लाल रंगाचा डबा. आधी तिने उजवी कूस चाचपली. चंदेरी रंगाखाली आपल्या सगळ्यांच्या ठशांचे थर बोटांना लागत होते. मग ती डावीकडे गेली आणि थांबलीच. तिथे कंपनीच्या नावाचा बोर्ड. सिमेंटला भोकं पाडून, बोल्ट मारून, माझ्या बापाच्या हातावर बसवलेला.

"माताजी, हाथ मत लगाओ, साहब गुस्सा करेंगे," वॉचमन म्हणाला. आयने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाली, "मंग तू कंच्या बाजूनं येशील गं?"

माझं डोकंच फिरलं. सातव्या मजल्यावर दाराला माझ्या नावाची पाटी आहे, तिथे मी राहते. पण माझं घर म्हणजे ती डावी कूस होती. माझ्या हाताची वाट बघणारी तेवढी रिकामी जागा. तिच्यावर कुणी परक्याने बोर्ड ठोकावा आणि मी नुसते फोटो काढत फिरावं? मी डबा उघडला, हात मनगटापर्यंत बुडवला आणि त्या बोर्डावर, नावाच्या बरोबर मधोमध दाबला. पूर्ण हात उठला. वॉचमन शिट्ट्या मारत राहिला.

तर गावकऱ्यांनो, आणि माझ्यासारख्या उजवीकडून गेलेल्यांनो, ऐका. ठसा डाव्या बाजूला उठलाय, म्हणजे रीतीप्रमाणे मी घरी आलेय. घर तेवढं जाग्यावर आणायचं राहिलंय. येत्या रविवारी ट्रॅक्टर आणि दोर घेऊन मानकोलीला या, मी गेटवरच उभी असेन. आणि निघताना कुणी कुठे चाललात म्हणून विचारलं, तर या वेळी अपशकुन मानू नका. मोठ्याने सांगा.