बाभळीखालची माती

नर्सरीतून आणलेली मातीची पिशवी फोडली आणि शेळ्यांच्या लेंड्यांचा उग्र वास आला. पन्नास वर्षं मागे, वाटूरजवळच्या आमच्या टेकाडावरच्या वावरात गेले.

मी नवी नवरी. सासऱ्यांनी तपासणीला पाठवायला तिथली माती आणायला सांगितली. ती नुसती मुरमाड. अशी माती तपासणाऱ्या शेतकी साहेबापुढं ठेवायची मला लाज वाटली. मग बांधावरच्या बाभळीखाली शेळ्या बसायच्या, तिथली काळी, भुसभुशीत माती चाळून दिली.

कागद आला: जमीन उत्तम, खताची गरज नाही.

सासऱ्यांनी टेकाडाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी कबूल केलं. ते पोट धरून हसले. "मंग शेळ्याच वर बसवू!"

तीन वर्षं शेळ्या टेकाडावर बसवल्या, मग टेकाडाचीच माती पाठवली. कागद चांगला आला. सासरे म्हणाले, "खरं सांग पोरी, पुन्हा बाभळीखालची तर न्हाई ना पाठवली?"