काकीचा गुरुवार

बहात्तरच्या दुष्काळानंतर पाण्याच्या कायद्याला एकाएकी भाव आला आणि त्याबरोबर मलाही. सांगलीत कायद्याचा प्राध्यापक होतो, तिशीही ओलांडली नव्हती, आणि मस्ती अशी की शेजारणी नळावर भांडल्या तरी मी गॅलरीतून कलम सांगायचो.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी वडील आणि धाकटे काका यांची वाटणी पंचवीसेक वर्षांपूर्वी झाली होती. विहीर वडिलांच्या तुकड्यात आली. तरी दर गुरुवारी तिचं पाणी काकांच्या रानाला जायचं आणि काका गेल्यावर काकीच्या. ही पाळी वाटणीपत्रात लिहायची कुणाला सुचलंच नाही. माहेरी आलेली लेक जेवायला बसेल, असं कुणी लिहून ठेवतं का?

पुढे वडिलांना ऊस वाढवायचा होता. त्यांनी मला बोलावून पंचांसमोर वाटणीपत्र वाचायला दिलं. मी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणालो, "यात पाण्याचा उल्लेख नाही." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. वीस वर्षं विनातक्रार पाणी घेतलं की त्या वहिवाटीचाच हक्क होतो, हे मला तोंडपाठ होतं. पण ते कुणी विचारलं नाही. पुढच्या गुरुवारी मोटारीच्या खोलीला कुलूप लागलं. काकीने चावडीसमोर उभं राहून वडिलांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मला मात्र ती काही बोलली नाही. शिकलेल्या पोराचं चुकत नसतं, अशी तिची समजूत होती. त्या उन्हाळ्यात तिचा ऊस उभा वाळला.

पावणेदोन वर्षांनी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती मिरजेला आली आणि नंतर माझ्याकडे सांगलीत राहिली. एका संध्याकाळी परीक्षेला बसलेले चार विद्यार्थी घरी आले. मी रंगात येऊन वहिवाटीचा हक्क समजावला. उदाहरण तिचंच दिलं, विहिरीसकट. इतकं नेमकं दुसरं माझ्याकडे नव्हतं. डोळ्याला पट्टी बांधून ती आतल्या दाराशी बसली आहे, हे मी साफ विसरलो होतो.

मुलं गेल्यावर तिने विचारलं, "म्हंजी माझा हक हुता व्हय रं?"

"होता."

"तुला तवा ठावं हुतं?"

"नव्हतं," मी म्हणालो.

"मग आता कोडतात जाता यील का?"

पाणी अडवल्यापासून दोन वर्षांत दावा लावावा लागतो. अजून तीन महिने हातात होते. पण कोर्टाने पहिला प्रश्न हाच विचारला असता, की पुतण्या कायद्याचा प्राध्यापक असून त्या दिवशी गप्प का बसला? मला लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती.

"मुदत गेली, काकी."

"जाऊ दे. तू तरी काय करशील," ती म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडवायला मीच तिला मिरजेला नेलं. पायऱ्या चढताना तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं. नर्सने बरोबर कोण आलंय असं विचारलं.

"ह्यो माझा पुतन्या. पान्याचा कायदा शिकिवतो," ती म्हणाली. "आमच्या घरात ह्योच एक खरं बोलनारा हाय."

पट्टी सुटल्यावर तिने आधी माझं तोंड पाहिलं. मी हसलो.