गोळ्या वाटून खाणारा पाडा

लघवी तपासण्यात कसली आलीय गंमत, असं लोकांना वाटतं. पण जव्हारच्या आमच्या छोट्या दवाखान्याच्या लॅबमध्ये बाटल्यांपेक्षा किस्सेच जास्त साठायचे. बाटल्या निदान संध्याकाळी फेकता यायच्या! नव्वदीच्या शेवटची गोष्ट. दवाखाना डॉक्टरमॅडमचा, मी टेक्निशियन आणि उरलेलं सगळं बघायला शिपाई गंगाराममामा, एवढाच आमचा स्टाफ. त्या दिवसांतले यमुनाचे किस्से माझे सगळ्यात लाडके.

*

यमुना साखरशेतकडच्या एका पाड्यावरची. पोटात सहावा महिना, लघवीला जळजळ आणि ताप. आधीचं एक बाळ पोटातच गेलेलं, त्यामुळे मॅडम काळजीत होत्या. त्यांनी चांगल्या भारी गोळ्यांचा पूर्ण कोर्स दिला. काही दिवसांत तोच ताप घेऊन ती परत हजर.

"गोळ्या संपवल्यास ना?" मॅडमनी विचारलं.

"संपल्या ना. त्याच दिशी संपल्या."

मॅडमचा चेहराच उतरला. एवढ्या गोळ्या एका दिवसात? तेव्हा सोबत आलेल्या सासूबाई, जानकीआजी, समजावू लागल्या, "एकटीनं नाय खाल्ल्या, बाई. औषध चांगला होता, म्हणून पाड्यात वाटला."

ज्या बायकांना जळजळ होती त्यांनी घेतल्या. ज्यांना नव्हती त्यांनी पुढे होईल म्हणून घेतल्या. यमुनाच्या वाट्याला एक आली, त्यातली अर्धी तिनं जावेला दिली होती.

*

मग कल्चर लावलं. म्हणजे लघवीतले जंतू थाळीत वाढवायचे आणि कोणतं औषध त्यांना मारतं ते बघायचं. थाळी सतत उबेत ठेवावी लागते, आणि आमची लाईट नेमकी तेव्हाच गेली.

गंगाराममामा म्हणाले, "आमची कोंबडी खुडूक बसलीय. तिच्याखाली सरकवू का?"

"आणि रिपोर्टवर सही कोण करणार, कोंबडी?" मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच थाळ्या गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवल्या, शालीत गुंडाळल्या आणि मांडीवर घेऊन पेशंट तपासायला बसल्या. मोखाड्याहून आलेल्या एका रिटायर्ड गुरुजींनी शालीकडे मोठ्या कौतुकानं पाहिलं.

"मुलगा की मुलगी?"

"उद्या कळेल," मॅडम म्हणाल्या.

*

कळलं ते काही बरं नव्हतं. थाळीत औषधांच्या चकत्या ठेवलेल्या असतात, त्यांना अगदी चिकटून जंतू वाढले होते, म्हणजे औषधांना ते दाद देत नव्हते. मॅडमनी जानकीआजींना थाळी दाखवली. हे जंतू एक एन्झाइम बनवतात, आणि ते एन्झाइम औषधाचे तुकडे करून टाकतं, कोयत्यानं काटकी तोडावी तसं. वर एकाला ही युक्ती जमली की तो ती शेजारच्या जंतूंनाही देतो.

आजींनी थाळी डोळ्यांजवळ नेली.

"म्हंजे ती पण वाटून खातात," त्या म्हणाल्या. "माणसा चांगली हायेत."

मॅडमना हसू आवरेना. मला तर उठून बाहेरच जावं लागलं.

*

एका चकतीभोवती मात्र स्वच्छ, मोकळं वर्तुळ होतं, म्हणजे तिथे जंतू मेले होते. ते औषध इंजेक्शनमध्येच मिळायचं, ठाण्याहून मागवलं. यमुनाला पुढे धडधाकट मुलगी झाली, शाळेत ती वर्ग डोक्यावर घ्यायची, म्हणून हे हसत सांगता येतं. त्या दिवशी मात्र यमुना तापानं थरथरत होती. हे औषधही पाड्यात वाटलं गेलं असतं, तर तिच्यासाठी आणि बाळासाठी दुसरं काही उरलं नसतं.

मॅडमनी तिला दवाखान्यातच ठेवून घेतलं. मला हळूच म्हणाल्या, "बरं झालं. इंजेक्शन काही वाटून घेता येत नाही."

त्यांनी सिरिंज भरली. सुई बघून यमुनानं डोळे घट्ट मिटले आणि ओठ चावला. मॅडम तिचा दंड धरणार, तेवढ्यात मध्ये दुसराच हात आला. सुरकुतलेला, बांगड्या कोपरापर्यंत वर सारलेला.

"निम्मी मला टोचा," जानकीआजी म्हणाल्या. "पोरीनं एकटीनंच कितीक सोसायचा?"