टेकडीवरच्या गोठ्यातलं बटण

आयर्लंडमधल्या कासलबारच्या हॉस्पिटलात डॉक्टर असताना मी जवळच्या खेड्यात राहत होतो. गावाने सहकारी संस्था काढून ब्रॉडबँड आणलं होतं. पण ते रोज सकाळी तासभर बंद पडायचं, नेमकं पुण्याहून आई कॉम्प्युटरवर दिसायच्या वेळी. संस्थेने त्यावर तज्ज्ञांची समिती नेमली.

एका सुट्टीच्या सकाळी मीच टेकडीवर गेलो. गावाचा अँटेना तिथल्या एका म्हातारीच्या गोठ्यावर होता. डोक्याला रुमाल बांधून ती रोजच्या प्रार्थनेसाठी चर्चला निघाली होती. घरातलं एकेक बटण बंद करत, प्रत्येकाला “ग्रँड”, म्हणजे तिकडच्या बोलीत ‘झालं, छान’, म्हणत ती गोठ्यात आली आणि तिने तिथलं अँटेनाच्या डब्याचंही बटण बंद केलं.

“हे का बंद केलंत?” मी विचारलं.

“वीज किती महागलीय, डॉक्टर! मी घरात नसताना हा लुकलुकणारा डबा कोणासाठी चालू ठेवायचा?”

“अख्ख्या गावासाठी. माझी आई याच वेळी बोलते माझ्याशी.”

ती ओशाळली. “मला कोणी सांगितलंच नाही हो,” म्हणत तिने बटण पुन्हा लावलं.

त्यानंतर नेट गेलं नाही. वार्षिक सभेत अध्यक्षांनी समितीच्या अथक संशोधनाचे आभार मानले. सगळ्यांत जोरात टाळ्या मागच्या रांगेतून म्हातारीने वाजवल्या.